प्रकरण पाचवे : राष्ट्रपतींच्या नावाने

भारत सरकारच्या एखाद्या खात्याला कोळसा, सिमेंट किंवा कागदाची रिमे पुरविण्याचा मक्ता ज्या व्यापाऱ्यास मिळतो, त्याने करारनाम्याचा आरंभ लक्षपूर्वक वाचला, तर आपला व्यवहार खात्याच्या सचिवांशी नव्हे, मंत्र्यांशीही नव्हे, तर प्रत्यक्ष भारताच्या राष्ट्रपतींशी होत आहे, असे पाहून तो काहीसा चकित झाल्यावाचून राहत नाही. संघराज्याचे सर्व करार राष्ट्रपतींच्या वतीने झाले पाहिजेत, असे राज्यघटनेच्या २९९ व्या कलमाने ठरवून दिले आहे. आणि त्याच कलमाने पुढे, या करारांची कोणतीही वैयक्तिक जबाबदारी राष्ट्रपतींवर येणार नाही, अशी दक्षताही घेतली आहे. एका हाताने नाव द्यावे आणि दुसऱ्या हाताने ओझे उतरवून घ्यावे, ही जी घटनाकारांची रीत येथे दिसते, तीच राष्ट्रपतिपदाच्या संपूर्ण रचनेत कमीअधिक प्रमाणात आढळते.

नावाची यादी मोठी आहे. संघराज्याची कार्यकारी सत्ता ५३ व्या कलमाने राष्ट्रपतींच्या ठायी निहित केली आहे, सैन्यदलांचे सर्वोच्च आधिपत्य त्यांच्याकडे आहे, आणि ७७ व्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारचा प्रत्येक हुकूम त्यांच्याच नावाने निघतो. पंतप्रधानांची नेमणूक ते करतात, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि राज्यांचे राज्यपाल ते नेमतात, संसदेचे अधिवेशन ते बोलावतात आणि लोकसभा तेच विसर्जित करतात. संसद बसलेली नसताना वटहुकूम काढण्याचा, फाशीची शिक्षा माफ करण्याचा, आणि देश संकटात असल्याची उद्घोषणा करून नागरिकांच्या मूलभूत हक्कांना आवर घालण्याचा अधिकारही त्यांचाच. भारतात प्रत्यक्ष कारभार कसा चालतो याची ज्याला वार्ताही नाही, अशा एखाद्या विद्वानाच्या हाती घटनेचे केवळ पुस्तक ठेवले, तर दिल्लीस पृथ्वीतलावरील अत्यंत प्रबळ सत्ताधीशांपैकी एक पुरुष नांदत आहे, असा अभिप्राय तो देईल. आणि पुस्तकापुरता त्याचा अभिप्राय चुकीचा ठरविणे सोपे जाणार नाही.

मराठी वाचकाला अशा प्रसंगी साताऱ्याची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले, पुढच्याच वर्षी सांगोल्याचा करार झाला, आणि त्यानंतर राज्याची सर्व मुखत्यारी पुण्याच्या शनिवारवाड्यात एकवटली. तरीही पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली आणि पेशव्यांच्या शिक्क्यावर अगोदर छत्रपतींचे व मग मुख्य प्रधानांचे नाव, हा क्रम मोडला नाही. साम्य वरवर पाहता मोठे आहे, परंतु ते फार ताणू नये. साताऱ्याची सत्ता गेली ती धन्याच्या दुबळेपणामुळे व प्रसंगांच्या ओघात. आणि ती ज्यांच्याकडे गेली ते पेशवे रयतेपुढे कशासाठी व कसे जबाबदार होते, या प्रश्नाला त्या काळच्या दप्तरात उत्तर सापडत नाही. राष्ट्रपतींच्या हाती सत्तेचे नाव ठेवून तिचा वापर दुसऱ्याकडे सोपविला गेला तो बुद्धिपुरस्सर, भर सभेत वादविवाद करून; आणि ज्यांच्याकडे सोपविला ते मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिक रीतीने जबाबदार राहील, हे ७५ व्या कलमात लिहून ठेवून.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभेपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी ही गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगितली. अमेरिकेच्या अध्यक्षांशी आपल्या राष्ट्रपतींचे साम्य केवळ नावापुरते आहे, त्यांचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे राहील. ते राज्याचे प्रमुख असतील पण कारभाराचे प्रमुख असणार नाहीत, राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतील पण राष्ट्रावर राज्य करणार नाहीत, आणि राष्ट्राचे निर्णय ज्या शिक्क्याने जाहीर होतात त्या शिक्क्यावरील चिन्हासारखे त्यांचे कारभारातील स्थान असेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. निवडणुकीची पद्धतीही याच धोरणाला धरून योजली गेली. सर्व प्रौढ मतदारांनी थेट निवडलेला राष्ट्रपती आपणच जनतेचा खरा कौल मिळविला आहे असे उद्या म्हणू लागेल, आणि एवढ्या प्रचंड निवडणुकीतून आलेल्या माणसाला सत्ता मात्र द्यायची नाही हे विचित्र दिसेल, ही अडचण पंडित नेहरूंनी घटना समितीत १९४७ मध्येच मांडली होती. म्हणून मतदानाचा हक्क संसदेच्या व विधानसभांच्या निवडून आलेल्या सभासदांपुरता राहिला, आणि आमदाराच्या मताचे मूल्य त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरविण्यात आले. त्याचा हिशेब अजूनही १९७१ च्या खानेसुमारीवर चालतो, त्यामुळे महाराष्ट्राच्या आमदाराचे एक मत १७५ चे, गोव्याच्या आमदाराचे २० चे आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७ चे धरले जाते.

या पद्धतीत पसंतीक्रमाने मत द्यावयाचे असते, आणि एरवी ही तजवीज केवळ शोभेची वाटते; पण १९६९ मध्ये तिनेच निकाल दिला. डॉ. झाकिर हुसेन पदावर असतानाच मृत्यू पावल्यामुळे झालेल्या त्या निवडणुकीत वराहगिरी वेंकट गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यातील झुंज सर्वांच्या लक्षात राहिली आहे. परंतु तिसरे उमेदवार म्हणून महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले आपले चिंतामणराव देशमुख उभे होते, आणि पहिल्या पसंतीत कोणालाच आवश्यक मते न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागून गिरी विजयी झाले, हे मात्र आपल्याकडेही थोड्यांनाच आठवते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आंबेडकरांनी जे सभेत सांगितले, ते घटनेत लिहिले होते काय? आश्चर्य असे की, लिहिले नव्हते. मूळच्या ७४ व्या कलमात राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली एक मंत्रिमंडळ असेल, एवढेच म्हटले होते. त्या सल्ल्याप्रमाणे राष्ट्रपतींनी वागलेच पाहिजे, असे शब्द तेथे नव्हते. ही फट ज्यांच्या प्रथम नजरेस आली, त्यांत घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद हे स्वतः होते, आणि ते पुढे पहिले राष्ट्रपती झाले, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. सल्ला बंधनकारक करणारे कलम मसुद्यात कोठे आहे, असे त्यांनी समितीत विचारले. इंग्लंडमध्येही हे कोठे लिहिलेले नाही, तेथे ते संकेताने चालते, तसेच येथेही चालेल, असे त्यांचे समाधान करण्यात आले. राष्ट्रपतींसाठी सूचनांची एक वेगळी सनद घटनेला परिशिष्ट म्हणून जोडावी, असाही विचार झाला होता, पण तो मागे पडला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाच्या भाषणात राजेंद्रबाबूंनीच, हा संकेत आपल्या देशातही रुजेल आणि राष्ट्रपती सर्व बाबतींत घटनात्मक प्रमुख होतील, अशी आशा व्यक्त केली.

राष्ट्रपतिभवनात राहावयास गेल्यावर त्याच संकेताविषयी त्यांचे मन स्वस्थ राहिले नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कायद्याच्या सुधारणेचे विधेयक संसदेपुढे असताना, हंगामी संसदेने एवढा मूलगामी बदल करू नये, आणि विधेयक मंजूर झालेच तर त्याला संमती द्यावयाची की नाही याचा विचार आपण स्वतःच्या बुद्धीने करू, असे त्यांनी नेहरूंना लेखी कळविले. नेहरूंनी खलिता वाचून त्याच आवेशात उत्तर दिले नाही, हे त्यांच्या राजकीय शहाणपणाचे द्योतक आहे. त्यांनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि घटना समितीतील ख्यातनाम विधिज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचा अभिप्राय मागविला, आणि दोघांनीही राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत असे स्पष्ट मत दिले. ते विधेयक त्या वेळी बारगळले, आंबेडकरांनी त्याच महिन्यात मंत्रिपदाचा राजीनामा दिला; आणि १९५५ व १९५६ साली तेच सुधार चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने संसदेने मंजूर केले, तेव्हा राजेंद्रबाबूंनी एकामागून एक चारही कायद्यांवर सही केली. संकेत रुजला, असे म्हणावे तर १९६० च्या नोव्हेंबरात दिल्लीस भारतीय विधिसंस्थेच्या इमारतीची कोनशिला बसविताना त्यांनी पुन्हा तोच विषय काढून, राष्ट्रपतींचे अधिकार इंग्लंडच्या राजाच्या अधिकारांशी कितपत जुळतात याचा शास्त्रीय अभ्यास व्हावा, असे सुचविले. याला कोणी हट्ट म्हणतील. ज्या शपथेत घटनेचे जतन, संरक्षण व प्रतिपालन करण्याची जबाबदारी माणसाच्या नावावर लिहिली आहे, त्या शपथेचा अर्थ त्याने गंभीरपणे विचारावा, यात मला तरी गैर काही दिसत नाही. राजेंद्रबाबूंचे धोरण एके जागी चुकले असेल, पण त्यांचा प्रश्न खरा होता, आणि त्याला उत्तर मिळण्यास पुढे सोळा वर्षे जावी लागली.

न्यायालयांनी मात्र आपले उत्तर अगोदरच दिले होते. १९५५ च्या राम जवाया कपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपतींना केवळ औपचारिक प्रमुख मानून खरी कार्यकारी सत्ता मंत्रिमंडळाची आहे असे म्हटले, आणि १९७४ च्या शमशेर सिंग प्रकरणात सात न्यायाधीशांनी ते अधिक विस्ताराने सांगितले. यातील एक खटला पंजाब सरकारने शाळांची पाठ्यपुस्तके छापण्याबद्दलचा आणि दुसरा पंजाबातील दोन न्यायिक अधिकाऱ्यांच्या बडतर्फीबद्दलचा. राष्ट्रपतींचे स्थान ठरविणारे हे दोन्ही निवाडे राष्ट्रपतींशी साक्षात् संबंध नसलेल्या दाव्यांतून निघावेत, ही कायद्याच्या इतिहासातील एक गंमतच आहे.

घटनेत दुरुस्ती झाली ती आणीबाणीत. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ७४ व्या कलमात, राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागतील, असे शब्द घातले. काळ वाईट म्हणून त्या काळातील प्रत्येक कलम वाईट, असे समजण्याकडे आपला कल असतो. वस्तुतः या शब्दांनी नवीन काही केले नाही, जे आंबेडकरांनी भाषणात सांगितले होते ते पुस्तकात आणले. त्यांची पहिली कसोटी एप्रिल १९७७ मध्ये लागली, आणि तीही ज्यांनी ते शब्द घातले त्यांचा पराभव करून आलेल्या सरकारच्या हातून. फख्रुद्दीन अली अहमद फेब्रुवारीत दिवंगत झाले होते, आणि राष्ट्रपतिपदाचा भार वाहत होते बसप्पा दानप्पा जत्ती, जे पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानाचे एकेकाळचे मुख्यमंत्री. मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळाने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला, जत्तींनी सहीला लगेच हात लावला नाही, आणि अखेरीस सही केली. संविधानाने दुसरा मार्ग ठेवला नव्हता.

तो मार्ग १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने थोडासा मोकळा केला. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविता येईल; फेरविचारानंतर जो सल्ला येईल तो मात्र मानलाच पाहिजे. ही सवलत क्षुल्लक वाटते, परंतु तिच्या पाठीमागे २५ जून १९७५ ची रात्र उभी आहे. त्या रात्री पंतप्रधानांचे पत्र राष्ट्रपतींपुढे आले, आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही झाली, आणि मंत्रिमंडळाला ही वार्ता कळून त्याची मान्यता मिळाली ती दुसऱ्या दिवशी पहाटे. ज्या मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक म्हणावयाचा, ते मंत्रिमंडळ सहीच्या वेळी झोपेत होते. कारभाराच्या नियमांत निकडीच्या प्रसंगी पंतप्रधानांनी मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेण्याची सोय होती व तिचाच आधार घेण्यात आला, हे खरे; पण मंत्रिमंडळाचा ठराव कोठे आहे, एवढेच त्या रात्री विचारण्याला नियमांची मनाई नव्हती आणि घटनेची तर नव्हतीच. म्हणून ४४ व्या दुरुस्तीने दुसरी गोष्ट केली ती अशी की, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याखेरीज राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारू नये. जो प्रश्न त्या रात्री विचारला गेला नाही, तो घटनेने आता आपल्या वतीने कायमचा विचारून ठेवला आहे.

माझ्या मते राष्ट्रपतिपदाचे मर्म येथे आहे. त्याचे वजन अधिकारांच्या यादीत शोधू नये. ते वेळेत आहे. निर्णय बदलण्याची शक्ती राष्ट्रपतींपाशी नाही, परंतु निर्णयाला थांबवून त्याच्या कर्त्याला पुन्हा विचार करावयास लावण्याची शक्ती आहे, आणि ज्यांनी ती ओळखली त्यांनी या पदाची प्रतिष्ठा वाढविली. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट आणण्याची शिफारस इंद्रकुमार गुजराल यांच्या मंत्रिमंडळाने केली, के. आर. नारायणन यांनी ती परत पाठविली, आणि मंत्रिमंडळाने ती पुन्हा धाडली नाही. पुढल्या वर्षी बिहारविषयी वाजपेयी सरकारने तीच शिफारस केली, आणि नारायणन यांनी तीही परत केली. सरकारांचे रंग निराळे, पण कसोटी एकच. त्याअगोदर १९९६ च्या निवडणुकीच्या तोंडावर नरसिंह राव सरकारने पुढे केलेल्या दोन वटहुकुमांवर शंकर दयाळ शर्मा यांनी सही केली नव्हती. २००६ मध्ये अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांविषयीचे विधेयक संसदेकडे परत पाठविले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले व त्यांना संमती द्यावी लागली. त्यांचा पराभव झाला, असे काहींनी म्हटले. विधेयक सहजासहजी निघून गेले असते तर त्याची जेवढी चर्चा झाली असती तिच्या कितीतरी पट चर्चा त्या परतपाठवणीने झाली, आणि १११ व्या कलमाला याहून अधिक काही अभिप्रेत असेल असे वाटत नाही.

वेळेच्या या शक्तीचे दुसरे टोकही घटनेने, जाणून म्हणा वा अनवधानाने म्हणा, मोकळे ठेवले आहे. विधेयकावर किती दिवसांत निर्णय घ्यावा, याला अमेरिकेत दहा दिवसांची मर्यादा आहे. आपल्या घटनेत तशी मुदत नाही. १९८६ मध्ये टपाल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक, ज्याने सरकारला लोकांची पत्रे अडविण्याची व फोडण्याची फार व्यापक मुभा मिळाली असती, ते संसदेने मंजूर केले, आणि ग्यानी झैलसिंग यांनी त्याला ना संमती दिली, ना ते परत पाठविले. ते विधेयक तसेच पडून राहिले, आणि २००२ मध्ये मागे घेण्यात आले. परिणाम चांगला झाला, यात शंका नाही. परंतु परत पाठविणाऱ्याला कारण सांगावे लागते आणि गप्प बसणाऱ्याला ते लागत नाही, एवढा भेद ध्यानात घेतला तर या मौनाचे फार कौतुक करवत नाही. झैलसिंग आणि राजीव गांधी यांचे संबंध त्या सुमारास इतके बिघडले होते की, ७८ व्या कलमाप्रमाणे राज्यकारभाराची माहिती पंतप्रधानांकडून आपणास मिळत नाही, अशी राष्ट्रपतींच्या पत्रातील तक्रार १९८७ च्या मार्चमध्ये वृत्तपत्रात छापून आली. माहिती मिळण्याचा हा हक्क पुस्तकात लहानसा दिसतो. पण ज्याला काही कळतच नाही, त्याने परत काय पाठवावे?

राहिला सर्वांत अवघड प्रसंग. सल्ला बंधनकारक आहे, हे कबूल. पण सल्ला देणारा कोण, हेच ठरावयाचे असेल तेव्हा काय? पंतप्रधानांची निवड करताना राष्ट्रपतींना सल्ला देण्याचा अधिकार असलेला कोणी नसतो, आणि लोकसभेत एका पक्षाचे स्पष्ट बहुमत असेपर्यंत या अडचणीची जाणीव होत नाही. १९६४ व १९६६ मध्ये पंतप्रधान निवर्तले तेव्हा राधाकृष्णन यांनी दोन्ही वेळा गुलझारीलाल नंदा यांना काळजीवाहू पंतप्रधान नेमून पक्षाला नेता निवडण्यास अवधी दिला. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी झैलसिंग यांनी तो टप्पा गाळून त्याच दिवशी राजीव गांधींना शपथ दिली. दोन्ही रीतींत नियमबाह्य असे काही नव्हते, कारण नियमच नव्हता.

१९७९ चा उन्हाळा संपता संपता हा अभाव उघडा पडला. जुलैमध्ये मोरारजींनी राजीनामा दिला, आणि संजीव रेड्डी यांनी प्रथम विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना सरकार बनविता येईल काय, असे विचारले. यशवंतरावांना ते जमले नाही. मग चरणसिंगांना पाचारण झाले, त्यांनी २८ जुलैला शपथ घेतली, यशवंतराव उपपंतप्रधान झाले, आणि लोकसभेपुढे जाऊन विश्वासमत मिळविण्यापूर्वीच, इंदिरा गांधींच्या पक्षाने पाठिंबा काढून घेतल्यामुळे, २० ऑगस्टला चरणसिंगांनी राजीनामा देऊन लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. जगजीवनराम आपल्याला बहुमत आहे असे सांगत होते. रेड्डी यांनी त्यांना संधी न देता २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. ज्या मंत्रिमंडळाला लोकसभेने एक दिवसही आपले म्हटले नव्हते, त्याचा सल्ला ७४ व्या कलमातला सल्ला ठरतो काय, हा प्रश्न तेव्हा कडाडून विचारला गेला, आणि मला तो अजून अनुत्तरित वाटतो. जगजीवनरामांना चार दिवस दिले असते तर राज्यघटनेचे काय बिघडले असते, हे रेड्डींच्या कैवाऱ्यांना पटण्याजोगे सांगता आलेले नाही.

पुढच्या राष्ट्रपतींनी आपापल्या परीने वाट काढली. वेंकटरामन यांनी १९८९ मध्ये सर्वांत मोठ्या पक्षाला प्रथम विचारण्याचा क्रम पाळला आणि राजीव गांधींनी नकार दिल्यावर विश्वनाथ प्रताप सिंगांना बोलावले. तोच क्रम शर्मा यांनी १९९६ मध्ये धरला, आणि वाजपेयींचे पहिले सरकार तेरा दिवसांत गेले. तेव्हापासून केवळ आकार पाहून निमंत्रण देणे पुरेसे नाही, असे नारायणन यांना वाटले असावे. १९९८ मध्ये त्यांनी वाजपेयींकडे मित्रपक्षांची पाठिंब्याची पत्रे मागितली, ती हाती आल्यावरच शपथविधीचा दिवस नेमला, आणि दहा दिवसांत लोकसभेचा विश्वास संपादन करण्यास सांगितले. पुढल्या एप्रिलमध्ये एका घटकपक्षाने अंग काढून घेतल्यावर त्यांनी पुन्हा विश्वासमत घेण्याची सूचना केली, सरकार एका मताने पडले, आणि ज्यांनी पर्यायी बहुमताचा दावा केला त्यांनाही पत्रे दाखविता न आल्यामुळे लोकसभा विसर्जित झाली. पाठिंब्याची पत्रे मागण्याची ही प्रथा घटनेच्या कोणत्याही कलमात नाही, कोणत्या न्यायालयाने ती घालून दिलेली नाही, आणि त्रिशंकू लोकसभेच्या प्रसंगी तिच्याहून भरवशाचे साधन राष्ट्रपतींपाशी अद्याप आलेले नाही.